गरुड उजवीकडे

आधी गरुड, मग पदकं, मग हात आणि चेहरा सगळ्यांत शेवटी, असा गेशे ब्रोडर्सनचा फोटो बघण्याचा क्रम होता. कीलच्या त्या लहानशा नौदल फोटो-संग्रहात ती कित्येक वर्षं हेच काम करत आली होती. युद्ध संपून पन्नास वर्षं उलटली तरी लोकांच्या माळ्यांवरून, कपाटांच्या तळातून फोटो निघतच होते, आणि त्यांतल्या अधिकाऱ्यांना नावं हवी होती. त्या गुरुवारीही क्रम नेहमीसारखा चालला होता. फोटोत दोघेजण पाणसुरुंग काढणाऱ्या बोटीच्या कठड्याला टेकून उभे होते. एकाच्या कोटावर गरुड होता, उजव्या छातीवर, जिथे तो नेहमीच शिवतात, म्हणजे फोटो सुलटा छापलेला. गरुडाखाली सोनेरी क्रॉसचा भलाथोरला तारा, म्हणजे एक्केचाळीस साल सरल्यानंतरचा. डाव्या छातीवर लोखंडी क्रॉस, त्याखाली पाण्याचा उसळता खांब कोरलेला सुरुंगवाल्यांचा बिल्ला. दुसऱ्याच्या अंगात गळ्यापर्यंत चढलेला जाड स्वेटर होता, छातीवर काही म्हणजे काही नाही. तो हसत होता. भिंग त्याच्या कठड्यावरच्या हातापाशी आलं. उजवा हात, अनामिकेत अंगठी. मग क्रम मोडून गेशेने चेहरा बघितला आणि कानांत पाणी शिरल्यासारखं तिला झालं. हा माणूस तिला कळायला लागल्यापासून तिच्या आईच्या खोलीत भिंतीवर होता. फक्त तिथे अंगठी त्याच्या डाव्या हातात होती.

इकडे साखरपुड्याची अंगठी डाव्या हातात घालतात आणि लग्नाच्या दिवशी तीच उजव्या हातात येते. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"काय झालं? ओळखलंत?" समोरच्या बाईने विचारलं. ती लीअरहून आली होती, वीब्के ओल्टमान्स नावाची, सत्तावन्न वर्षांची, मांडीवर पिशवी घट्ट धरून बसलेली. फोटोतल्या दोघांपैकी एक आपला बाप आहे एवढंच तिला माहीत होतं. फोटो देताना शेजारीण तसं म्हणाली होती. शेजारणीचा मेलेला नवरा त्या बोटीवर होता. पण कोणता ते शेजारणीलाही सांगता येईना.

"नाव सांगू नका," गेशे म्हणाली. हीही तिचीच रीत. घरच्यांनी नाव सांगितलं की डोळा त्या नावाच्या मागे धावतो, म्हणून नाव शेवटी.

"सांगतेय कुठे? ओठ शिवून बसलेय. पण नुसतं बोट तरी दाखवा हो. पदकवाला की स्वेटरवाला?"

"तुमचे वडील युद्धात गेले?"

"बेचाळीसच्या हिवाळ्याच्या तोंडाला. बोटीसकट. मी तीन वर्षांची. आणि नंतर एम्डेनवर बॉम्ब पडले त्यात आमचं घर गेलं, आजीचंही गेलं. एक फोटो म्हणून राहिला नाही. आई म्हणायची, चेहरा माझ्या डोक्यात आहे, पण डोक्यातला फोटो काही तिला काढून देता आला नाही. दोन वर्षांपूर्वी तीही गेली." वीब्के थोडी हसली. "मी आरशात बघते ना, तेव्हा आईचं जे जे आहे ते वजा करते. उरलं ते बापाचं. हनुवटी आईची, डोळे आईचे, उरतं काय, बोंबला. पदकवाला निघाला तर बरं, म्हणजे तसं काही नाही, पण नातवंडांना दाखवायला जरा..."

"पुढच्या गुरुवारी या."

"आज नाही होणार? गाड्या बदलत बदलत आलेय हो."

"पुढच्या गुरुवारी," गेशे म्हणाली, आणि आपला आवाज नेहमीसारखा कोरडा निघाला याचं तिला नवल वाटलं.

पदकवाल्याचं नाव तासाभरात सापडलं. त्याच्या फितींमध्ये एक फीत मधोमध काळपट दिसत होती. स्वस्त फिल्मवर पिवळा रंग असाच काळवंडतो, आणि ती पिवळी फीत बुडत्याला वाचवल्याबद्दलच्या जुन्या पदकाची. ते पदक आणि सोनेरी क्रॉस अशी जोडी त्या तुकडीत एकाच माणसाकडे होती, टामेन नावाच्या. टामेन युद्धातून वाचला, पुढे एल्ब नदीच्या मुखाशी जहाजांना वाट दाखवायचं काम करत राहिला आणि म्हातारा होऊन कुक्सहाफेनला अंथरुणात वारला. म्हणजे वीब्केचा बाप तो नव्हे. दोघांतला एक गळला की उरतो तो एकच, हे समजायला भिंग लागत नाही. गेशेने खिडकी उघडली. खाली फियॉर्डवरून दुपारची बोट चालली होती, तिच्या डेकवर शाळेच्या सहलीची पोरं ओरडत होती. तिला दुःख होत नव्हतं. जिने उतरताना शेवटची पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तेवढंच काहीतरी होत होतं, आणि ते संध्याकाळपर्यंत गेलं नाही.

तिच्या लहानपणी दोन खोल्यांच्या घरात तो फोटो सोफ्याच्या वर असायचा. त्यात तो एकटाच होता. शेजारी कोणी होतं हे तिला आज कळलं. स्वेटर, हसू, कठडा आणि हात. आई, अल्विने ब्रोडर्सन, नौदलाच्या शिंप्याकडे कामाला होती. अधिकाऱ्यांच्या कोटांवर गरुड शिवायचे, बाह्यांवर सोनेरी पट्ट्या चढवायच्या. युद्ध संपल्यावर तेच गरुड उसवायचंही काम तिच्याकडेच आलं, आणि ती म्हणायची, उसवण्याचा दर जास्त मिळतो. गेशे सोफ्यावर चढून काचेवर आपला डावा हात त्या हातावर ठेवायची. आई खालून म्हणायची, "काचेवर बोटं उमटवू नकोस. डाव्यातली उजव्यात यायची तेवढी राहिली, बाकी सगळं झालं होतं." हे वाक्य तिने शेजारणींना सांगितलं, शाळेच्या बाईंना सांगितलं, कचेरीतल्या साहेबांना सांगितलं, आणि प्रत्येक वेळी त्याने काम केलं. बिनलग्नाची आई वेगळी आणि समुद्रात गेलेल्या अधिकाऱ्याची वाग्दत्त वधू वेगळी. त्या काळात तर मेलेल्या नवऱ्यामुलाशी लग्नही लावून मिळे. टेबलावर त्याचं शिरस्त्राण ठेवायचं, बाजूला नवरी उभी, आणि ती त्याची कायदेशीर विधवा व्हायची. समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईने तसं केलं होतं, तिला पेन्शन होती. गेशेने एकदा विचारलं होतं, तू का नाही केलंस? आई सुईत दोरा ओवत म्हणाली होती, "टोपडं घातलेल्या टेबलाशी लग्न? त्यापेक्षा मी आहे ती बरी." गेशेला त्या उत्तराचा फार अभिमान वाटायचा. आता घरी परतताना, बेकरीतून घेतलेला हेरिंग मासळी घातलेला पाव चालता चालता खाताना, तिच्या ध्यानात आलं की त्या लग्नाला आधी नवरामुलगा मोकळा असल्याचा दाखला लागत होता.

आणि स्वतः तिने काय केलं? इतक्यांचे बाप, आजे, काका तिने पदकांवरून ओळखले. आईच्या भिंतीकडे मात्र तिने धंद्याच्या नजरेने एकदाही पाहिलं नाही. काखेत कळसा म्हणतात तो असा. नाव माहीत होतं, बोटीचा नंबर माहीत होता, बोट कुठे बुडाली ते माहीत होतं. अधिकाऱ्यांच्या कुटुंबांची कागदपत्रं दुसऱ्या शहरात आहेत, मागवली की आठवड्यात येतात, हेही माहीत होतं. मागवायची काय गरज, असं ती म्हणायची. झाकली मूठ होती. दुसऱ्यांच्या मुठी उघडताना मात्र तिने कधी मागेपुढे पाहिलं नाही. हानोफरचा एक दातांचा डॉक्टर आजोबांचा फोटो घेऊन आला होता, गळ्यात मोठ्या मानाचा क्रॉस. गेशेने त्याला सांगितलं की हा क्रॉस गळ्यात नाही, काचेच्या निगेटिव्हवर आहे. फोटोवाल्याने ब्रशने काढला आहे, सावली चुकीच्या बाजूला पडलेय. डॉक्टर लालबुंद झाला. "पण आजी तर म्हणायची..." तो म्हणाला. तेव्हा गेशे म्हणाली होती, "फोटो खोटं बोलत नाही. घरची माणसं बोलतात." हे वाक्य तिला तेव्हा आवडलं होतं, नंतर तिने ते एका भाषणातही वापरलं होतं. ते आठवून तिला आता रस्त्यातच तोंड वाकडं करावंसं वाटलं.

रात्रीचं जेवण तिने केलं नाही. न्हाणीघरात हात धुताना सहज सुचावं तसं सुचलं म्हणून ती फोटोची प्रत घेऊन आली आणि आरशासमोर धरली. आरशात कठडा फिरला, भांग एका बाजूचा दुसऱ्या बाजूला गेला, आणि तो आला. तोच. घरचा. अंगठी डाव्या हातात. पदकवाल्याचा गरुड तेवढा चुकीच्या छातीवर गेला, आणि त्या चुकीच्या गरुडाने सगळंच सांगून टाकलं. म्हणून तर त्याला घरच्या फोटोतून कापून टाकलेला. तिने प्रत खाली केली, परत वर केली. हातातला माणूस परका होता, आरशातला आपला. दोघांत फरक काय, तर काहीच नाही. हातातला लग्न झालेला होता, त्याला घरी तीन वर्षांची मुलगी होती. आरशातला फक्त आईचा होता. हात भरून येईपर्यंत ती तशीच उभी राहिली, आणि मग दिवा मालवून बाहेर आली.

रविवारी ती आईकडे गेली. वृद्धाश्रमातली कॉफीची वेळ होती, लोण्याच्या केकचा वास मजल्यावर पसरला होता. अल्विने खिडकीशी खुर्चीत बसली होती, केस नीट विंचरलेले. पाठीमागे पलंग आणि पलंगाच्या वर भिंतीवर तो.

"मॉइन," म्हातारीने इकडच्या रीतीने रामराम केला. "उशीर केलास. कडेचे तुकडे संपले, आता मधलाच खा."

"मधला चालेल."

"चालेल म्हणे. मधला कोरडा असतो. बस. तोंड असं का केलंयस? पित्त?"

गेशेने कॉफी घेतली, केकचा एक घास घेतला. येताना तिने वाक्यं तयार केली होती, ती सगळी आता एखाद्या परक्या भाषेतली वाटू लागली. शेवटी तिने पिशवीतून प्रत काढली आणि आईच्या मांडीवर ठेवली. "हे जरा बघतेस?"

"तुझं काम मी करायचं? पगार अर्धा अर्धा." अल्विनेने चष्मा बदलला. आधी ती पदकवाल्याकडेच वळली, आणि आपलं बघण्याचं वळण कुठून आलं हे गेशेला त्या क्षणी नव्याने कळलं. म्हातारीचं बोट कोटावर फिरलं. "गरुड उजवीकडे. फोटो सुलटा आहे. शिवण आमच्याकडची नाही, एक पंख बघ कसा खाली आलाय. आमच्या शिंप्याने हा परत उसवायला लावला असता." मग बोट पुढे सरकलं. स्वेटरवर आलं. कठड्यावरच्या हातावर आलं, आणि तिथे राहिलं.

बाहेर व्हरांड्यात कपांची गाडी खडखडत गेली. कोणीतरी कोणाला तरी मोठ्याने विचारत होतं की आज सोमवार का. बघता बघता अल्विनेचं तोंड किंचित उघडलं, सुई दिसेनाशी झाली की उघडायचं तसं.

"हा कोण?" ती म्हणाली.

"तूच सांग, आई."

"हा लग्न झालेला माणूस आहे."

"हो."

"मग हा तुझा बाप नव्हे. तुझ्या बापाचं लग्न झालेलं नव्हतं. त्याचा साखरपुडा झाला होता, माझ्याशी." तिने प्रत उचलून गेशेच्या हातात दिली. "केक खा."

गेशेच्या ओठांवर प्रश्न आला होता: फोटोवाल्याने चुकून उलटा छापला, की तूच छापून घेतलास? पण आईने तो विचारू दिला नाही. पाठीमागच्या भिंतीकडे न बघताच तिने अंगठा तिकडे केला. "भिंतीवरचा तेवढा माझा," ती म्हणाली. "बाकीचे ज्याचे त्याने न्यावेत. कोणी मागायला आलं असेल तर दे. माझी हरकत नाही."

परतीच्या बसमध्ये गेशेला आईचा राग आला, चांगला सणसणून, आणि राग आला याचं बरंही वाटलं. गुरुवारपासून पहिल्यांदा काहीतरी नीट वाटत होतं. पन्नास वर्षं तिने मला उलट्या माणसाच्या काचेवर हात ठेवू दिला, असं ती मनात म्हणाली. पण राग फार वेळ टिकला नाही, कारण त्याच्या मध्ये सारखी तेव्हाची आई, एकोणीस वर्षांची मुलगी, येऊन उभी राहत होती. तो अंगठी खिशात टाकून तिच्याकडे येत असणार. जाताना फिल्म तिच्याकडे धुवायला देऊन गेला असणार, आणि बोटीवरचा एक फोटो त्यात आहे हे विसरला असणार; पुरुष असल्या गोष्टी विसरतात. फोटोवाल्याच्या काउंटरवर ओल्या वासाचे फोटो ती एकेक करून बघतेय, कोटाचं शेवटचं बटण आता लागत नाही अशी, आणि एका फोटोपाशी थांबते. तिला गरुड कुठे असतो ते माहीत आहे. हात कुठला तेही. रडायला जागा नाही, मागे लोक उभे आहेत. मग ती म्हणते, हा एवढा मोठा करून द्या, बाजूचा माणूस काढा, आणि उलटा छापा. फोटोवाला म्हणतो, उलटा कशाला, बाई? त्यावर ती काय म्हणाली असेल हे गेशेला बसमधून उतरेपर्यंत सुचलं नाही. तिला आईची दया आली, आणि वीब्केच्या आईचीही, जिच्याकडे चेहरा नुसता डोक्यात होता. चेहऱ्याचा हा जास्तीचा फोटो कोणत्या घरी होता हे त्या बाईला कळलं नाही ते एका अर्थी बरंच झालं. पण तिच्या मुलीचं काय करायचं? सांगितलं नाही तर वीब्केला बाप मिळत नाही. सांगितलं तर गेशेच्या बापाचा साखरपुडा जातो, आणि मग गेशे कोण? स्वेटरवाला अज्ञात, असं लिहिलं तरी कोणी हरकत घेणार नव्हतं. संग्रहात अज्ञात माणसांना तोटा नव्हता.

गुरुवारी वीब्के वेळेआधीच येऊन बसली होती. तिने चहाचं पुडकं आणलं होतं, खडीसाखरेसकट. "तुमच्या इकडे चहा म्हणून जे पितात त्याला आम्ही भांडी विसळायचं पाणी म्हणतो," ती म्हणाली, आणि मग तिच्याने पुढे थट्टा होईना. "सांगा. पदकवाला नसेल तरी चालेल. मी आठवडाभर स्वतःला समजावलंय."

"पदकवाला टामेन नावाचा. तो युद्धातून वाचला. तो तुमचा नव्हे."

"मग हा."

"हा."

वीब्केने फोटो उचलला. ती रडेल असं गेशेला वाटलं होतं, लोक बहुधा रडतात. ती रडली नाही. तिने फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. मग एकदम म्हणाली, "अगं बाई, कान! कान बघा हो त्याचे, वरून दुमडलेले." तिने स्वतःचे केस मागे केले. तिच्या कानाची वरची कड खरंच आत मुडपलेली होती, पुस्तकाच्या पानासारखी. "आईचं सगळं वजा केलं आणि कान मोजायचेच राहिले. शाळेत पोरं चिडवायची मला. आता नाव सांगू?"

"मी सांगते," गेशे म्हणाली. "ओनो रेडलेफ्स."

वीब्केने मान डोलावली. मग फोटोवरून नजर न काढता तिने तोच प्रश्न विचारला जो सगळेच विचारतात, आणि ज्याचं उत्तर गेशेकडे नेहमी तयार असायचं, फितींसकट, तारखांसकट. "पण तुम्हाला कळलं कसं? त्याच्या अंगावर तर काहीच नाही. ना पदक, ना गरुड."

"असाच एक फोटो आणखी आहे. एका बाईच्या खोलीत, पलंगाच्या वर."

"कोण बाई?"

"माझी आई."

वीब्केने फोटो खाली ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं. गेशेने हात वर नेला आणि कानावरचे केस बाजूला केले.